माळ्यावरचा फॅमिकॉम आणि इंदूरची वीज (अनुभव धागा)

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या रामबागेतल्या घराच्या माळ्यावरून एक खोका खाली आला. आत निन्टेन्डोचा फॅमिकॉम (टीव्हीला जोडून खेळायचा जपानी व्हिडिओ गेम कन्सोल), गेमच्या दोन कॅसेट आणि मामांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'सरळ बोर्डात लावू नका. जळेल. ट्रान्सफॉर्मर आणून देतो.' मामा १९८६ साली ओसाकाहून प्रशिक्षण संपवून परतले तेव्हा हा घेऊन आले होते. ट्रान्सफॉर्मर राहून गेला. बाबांनी चिठ्ठी मानली आणि खोका जवळजवळ चाळीस वर्षं तसाच बांधलेला राहिला. मामा आता नाहीत. म्हणून हा चालू करायचाच, असं मनाने घेतलं.

इंदूरच्या मराठी घरांत असे खोके आणखीही असणार. कुणाचा भाऊ जपानला, कुणाची आत्या लंडनला, कुणाचे साहेब अमेरिकेहून आलेले. तुमच्याकडे काय आलं, कुठे अडलं, कोणती वायर कापावी लागली, ते सगळं लिहा. 'क्षुल्लक आहे' म्हणून काही वगळू नका. माझं काम अशाच एका क्षुल्लक गोष्टीवर तीन दिवस अडलं होतं.

माझ्यापासून सुरुवात करतो.

अ‍ॅडॅप्टरवर लिहिलंय: आत १०० व्होल्ट एसी, बाहेर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर. आपल्याकडे २३० व्होल्ट. हा अ‍ॅडॅप्टर वापरायचाच नाही असं ठरवून जेल रोडवरून ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा अ‍ॅडॅप्टर आणला. फॅमिकॉमच्या आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर आहे, तो आलेली वीज ५ व्होल्टवर उतरवतो, त्यामुळे ९ चालतात. पिन नीट बसली. तरीही मी बटण दाबलं नाही, कारण अ‍ॅडॅप्टरवरचं छोटं चित्र मामांच्या अ‍ॅडॅप्टरवरच्या चित्राच्या उलटं होतं. फॅमिकॉमला पिनेच्या मध्यभागी ऋण लागतो आणि बाहेर धन. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरमध्ये मध्यभागी धन असतो. ही ती क्षुल्लक गोष्ट. शेवटी वायर मध्ये कापली, दोन्ही तारा अदलाबदल करून जोडल्या, मल्टिमीटरवर काट्याची दिशा पाहिली आणि मग बटण वर सरकवलं.

आता टीव्ही. या कन्सोलला एव्हीची (चित्र आणि आवाज थेट टीव्हीला देणारी) पिवळी-पांढरी पिन नाही, फक्त अँटेनाची वायर. मागे एक बटण आहे, चॅनल १ की २. ते १ वर होतं. ओसाकात २ नंबरवर एनएचके, म्हणजे जपानचं सार्वजनिक टीव्ही चॅनल, दिसायचं, म्हणून रिकामा १ नंबर मामांनी निवडला असणार. टोकियोत हे बरोबर उलटं होतं. म्हणजे ते बटण ओसाकाच्या त्या खोलीत जसं ठेवलं होतं, तसंच माझ्या हातात आलं. मी बराच वेळ त्याला बोट लावलं नाही.

जपानचा तेव्हाचा चॅनल १ म्हणजे ९१.२५ मेगाहर्ट्झ. आपल्या दूरदर्शनचा कुठलाच चॅनल तिथे नाही, ती जागा आपल्याकडे एफएम रेडिओची. केबलच्या काळातला एक जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवला होता. त्यावर हाताने हळूहळू ट्यूनिंग सरकवत गेलो आणि चित्र सापडलं. काळंपांढरं, आणि आवाज अजिबात नाही. रंग नाहीत कारण जपानचा तेव्हाचा सिग्नल एनटीएससी पद्धतीचा, त्याची रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झवर असते आणि आपला पाल पद्धतीचा टीव्ही ती ४.४३ वर शोधत बसतो. आवाज नाही कारण तिथे चित्र आणि आवाज यांत ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ५.५.

मग हिशेब केला. ९१.२५ अधिक ४.५ म्हणजे ९५.७५. हे तर आपल्या रेडिओच्या पट्टीवर आहे! आईचा काट्याचा जुना रेडिओ स्वयंपाकघरातून आणला, त्याची अँटेना कन्सोलच्या वायरीला टेकवली आणि काटा ९५ च्या थोडा पुढे नेला. खरखर, खरखर, आणि मग गेमचं संगीत. आई पोळ्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली.

सध्या एवढंच. चित्र टीव्हीवर बिनरंगाचं, आवाज रेडिओवर. रंग कसे आणायचे, जाणकारांनी सांगावं.

*

सुदामा नगरमधून लिहितेय. दादा, तुम्ही चित्र पाहून थांबलात ते फार बरं केलंत. आमच्याकडे कुणी थांबलं नाही.

ह्यांनी कंपनीच्या कामासाठी टोकियोला गेले असताना अकिहाबारातून जुना सुपर फॅमिकॉम आणला, लेकासाठी. जपानी पिनेला इथला प्लग बसावा म्हणून विमानतळावर पिन बदलणारा ठोकळा घेतला होता. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट नाही, हे त्या रात्री कळलं. 'टप्' असा आवाज, तापलेल्या वार्निशसारखा वास, आणि लेकाचा चेहरा. मी तो चेहरा विसरले नाहीये. गेला तो फक्त अ‍ॅडॅप्टर, कन्सोल सुखरूप होता. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉमचा अ‍ॅडॅप्टर एकच, त्यामुळे तुम्ही तयार केला तसाच आम्हालाही पुढे चालला.

रंगांचा प्रश्न आम्हाला आला नाही. सुपर फॅमिकॉमला एव्ही आहे, आणि आत्ताचे बहुतेक एलईडी टीव्ही एनटीएससी आपोआप ओळखतात. पिवळी-पांढरी-लाल पिन लावली, रंग आले.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. लेक दोन तास खेळायचा, गेम सेव्ह करायचा, सकाळी पाहावं तर सगळं कोरं. त्याला वाटायचं तोच काहीतरी चुकवतोय. कॅसेटच्या आत सीआर२०३२ हा घड्याळात असतो तसा सेल असतो आणि तो संपला की सेव्ह टिकत नाही. कॅसेट उघडायला गेलो तर स्क्रूला पेचकसाची खाच नाही, गोल डोकं आणि त्याच्या कडेला सहा खाचा. त्याचा ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस येतो. आमच्याकडे नव्हता. मग साध्या बॉलपेनची रिकामी नळी मेणबत्तीवर मऊ केली, स्क्रूवर दाबून धरली, गार होऊ दिली. नळीच्या टोकाला स्क्रूचा साचा उमटला. सावकाश फिरवलं तर स्क्रू सुटला. सेल मात्र पत्र्याच्या पट्ट्यांनी डाखलेला असतो, सुट्टा सेल तिथे चिकटवू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाला पट्टीवाला सेल नेऊन दिला. तो म्हणाला, 'दीदी, बदल दूँगा, पर पुराना सब मिट जाएगा.' जुन्यात कुण्या जपानी मुलाचे तीन सेव्ह शिल्लक असतील तर, म्हणून मी आधी एकदा लावून पाहिलं. काहीच नव्हतं. मग हो म्हटलं.

*

जुनी छावणी. थोडकंच लिहितो. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, आणि आपण लहानपणी ज्यावर खेळलो त्या 'लिटल मास्टर'ची कॅसेटही ६० पिनांचीच, कारण तो फॅमिकॉमचीच नक्कल. घरात जुन्या पिवळ्या कॅसेट पडल्या असतील तर मामांच्या कन्सोलमध्ये घालून बघा. माझ्या चार पैकी तीन चालल्या. अमेरिकन निन्टेन्डोच्या कॅसेट ७२ पिनांच्या, त्या बसणार नाहीत.

*

मी विद्युत मंडळातून निवृत्त झालो. पुतण्याने जपानहून सेगा कंपनीचा सॅटर्न कन्सोल आणला, त्यानिमित्ताने चार गोष्टी सांगतो.

सॅटर्नला बाहेरचा अ‍ॅडॅप्टर नाही. वीजपुरवठा पोटातच आहे आणि तो १०० व्होल्टचा. इथे वायर उलटसुलट करून भागत नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच हवा. बाजारात मिळतो तो २३० वरून ११० चा. बहुतेक वेळा चालतो, पण आपल्या भागात रात्री उशिरा व्होल्टेज २४५ पर्यंत चढलेलं मी स्वतः मीटरवर पाहिलंय, आणि मग त्या ११० चे ११७ होतात. म्हणून मी वाइंडिंगवाल्याकडून २३० ते १०० असा बनवून घेतला. त्याला स्पष्ट सांगावं लागतं की दोन्ही वाइंडिंग स्वतंत्र हवीत. एकाच वाइंडिंगमधून टॅप काढलेला ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात घरची लाइन आणि यंत्र यांच्यात आडोसा राहत नाही. लहान मुलं हात लावणार त्या वस्तूला तसं नको. कन्सोलच्या मागे जितके वॅट लिहिलेत त्याच्या दुपटीचा घ्या, गरम होणार नाही. आणि प्रवासी दुकानातला हलका, डिमरच्या जातीचा कन्व्हर्टर गेम कन्सोलला लावू नका. तो इस्त्री आणि केस वाळवायच्या यंत्रासाठी असतो.

आता सायकलचा प्रश्न, म्हणजे हर्ट्झचा. पुतण्या विचारत होता, तिथली वीज ६० ची, इथली ५० ची, मग? त्याला सांगितलं, जपान एका देशात दोन्ही वापरतो. टोकियोच्या बाजूला ५०, ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्वेने जर्मन जनरेटर घेतले आणि पश्चिमेने अमेरिकन, ते आजवर तसंच आहे. त्यामुळे जपानी अ‍ॅडॅप्टर मुळातच दोन्हींसाठी बनतो. अमेरिकन अ‍ॅडॅप्टर फक्त ६० साठी असतो, तो आपल्या ५० वर जास्त तापतो. व्होल्ट उतरवले तरी तापतो.

आणि एक अगदी कळकळीचं. अमेरिकन निन्टेन्डोचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट देतो, पण एसी देतो. तो फॅमिकॉमला लावलात तर आतले भाग जातील. पिन बसते म्हणून लावू नका. चिरंजीव, मामांची चिठ्ठी जपून ठेवा, त्यांनी खरं लिहिलं होतं.

*

तिलक नगर. माझं उलट झालं. माझी आत्या लंडनला, तिने १९९२ मध्ये तिथला मेगा ड्राइव्ह (सेगाचा कन्सोल) आणला होता. विजेचा काही त्रासच नव्हता, फक्त चौकोनी तीन पिनांना ठोकळा लावला. ब्रिटनचा सिग्नलही पाल, म्हणून रंग पहिल्या क्षणी आले. आवाज मात्र घुसमटलेला, कारण त्यांच्याकडे चित्र आणि आवाज यांत ६ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे साडेपाच. बाबांनी एव्हीची वायर करून आणली आणि ते मिटलं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. पालचा कन्सोल सेकंदाला ५० चित्रं दाखवतो, जपानी आणि अमेरिकन ६०. त्या वेळच्या बऱ्याच गेम पालसाठी नीट जुळवून घेतलेल्या नसायच्या, त्यामुळे सगळंच सुमारे १७ टक्के सावकाश चालायचं, संगीतसुद्धा. सॉनिक या गेममध्ये तो धावताना ऐकू येणारी ती चाल माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं सावकाश होती. कॉलेजात एका मैत्रिणीकडे ६० वाली पाहिली तेव्हा मला वाटलं कुणीतरी टेप पुढे पळवतंय. लोक म्हणतात ६० च खरी. असेल. मी आणि माझा भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून, ज्या वेगाने खेळलो तो वेग मला खरा वाटतो, आणि मी माझा मेगा ड्राइव्ह ६० वर बदलून घेतलेला नाही.

*

गेम बॉय (हातात धरून खेळायचा), जपानी, १९८९ चा. चार पेन्सिल सेल. ना व्होल्ट, ना टीव्ही, ना देश. फक्त सेल आत ठेवून माळ्यावर टाकू नका. माझ्यातल्या सेलनी पाणी सोडलं होतं, पट्ट्यांवर पांढरट-हिरवा थर. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून पुसलं, सुकवलं, लागला.

*

रामबागेच्या दादांसाठी, रंगांबद्दल. मी दुरुस्तीचं काम करतो, पत्ता इथे लिहीत नाही.

फॅमिकॉममध्ये चित्र बनवणारी चिप आहे, तिच्या २१ नंबरच्या पिनेवर पूर्ण रंगीत चित्र तयार असतं. तिथून ते अँटेनाच्या डब्यात जातं आणि जपानी चॅनलवर चढतं. आपल्याला डब्यात जायच्या आधीच ते काढायचंय. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर, बस. आवाज कॅसेटच्या खाचेतल्या ४६ नंबरच्या पिनेवरून घ्या. आवाज कॅसेटमधून फिरून येतो, म्हणून कॅसेट न लावता तपासू नका, बिघडलंय असं वाटेल. तुमच्या टीव्हीचं ट्यूनर पालच असलं तरी त्या काळच्या बऱ्याच टीव्हींची एव्ही बाजू एनटीएससी घेते. आधी टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टिम 'ऑटो' करा. आणि मूळ डबा काढू नका. मामांची वस्तू आहे, भोकंही पाडू नका. वायर मागच्या फटीतून बाहेर येते.

*

रामबागेतून पुन्हा. रविवारी काम झालं. दुरुस्तीवाल्या दादांनी सांगितलं तसंच, एकही भोक न पाडता. काका, चिठ्ठी फ्रेममध्ये घातली आहे.

रंग आले. आकाश निळं होतं हे मला माहीत होतं, पण बाबांना नव्हतं. ते म्हणाले, 'एवढं निळं?'

अँटेनाचा डबा तसाच ठेवल्यामुळे रेडिओही अजून चालतो. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट-सिलेक्टची बटणं नाहीत, त्या जागी छोटा मायक्रोफोन आहे. तो हातात घेऊन आई हलक्या आवाजात म्हणाली, 'दादा, लागला बरं का.' ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकू आलं.