भावाला अमेरिकेत १९७२ ची एल कॅमिनो घ्यायचीय, गंज कुठं कुठं बघायला लावू?

उदगीरचा_बाळू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा हाय, हसू नका. माझा लहाना भाऊ ओहायोत असतो, त्याच्या डोक्यात एल कॅमिनो बसलीय. शेवरलेची गाडी, पुढून बघितली तर कार आणि मागून बघितली तर पिकअप, आपल्या ॲम्बेसेडरची मागची सीट अन् डिकी कापून तिथं हौदा बसवला तर कशी दिसंल तशी. १९७२ चं मॉडेल, व्ही एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक. विकणारा म्हणतो गाडी टेक्सासहून आणलीय, गंज नाही, आणि ही एसएस (सुपर स्पोर्ट, कंपनीचं भारीतलं पॅकेज) आहे म्हणून पैसे जास्त.

भावानं व्हिडिओ पाठवले. थंडी स्टार्ट मारली की निळा धूर येतो अन् मिनिटभरात जातो, चालू इंजिनात टिकटिक आवाज हाय, इंजिन-गिअर बॉक्सच्या जोडापाशी ऑइल गळायलंय, स्टेअरिंग चार बोटं फिरल्यावर चाक हलतं. आणि गरम झाल्यावर बंद केली की वीस मिनिटं चालूच होत नाही. रंग मात्र आरशासारखा. आमचे आबा व्हिडिओ बघून म्हणायलेत की डिझेल असंल तर घे म्हणावं, ॲव्हरेज तरी देईल. काय बघायला सांगू?

जालन्याचा_पत्रामिस्त्री

मी ही गाडी कधी हातात घेतली नाही पण पत्रा सगळीकडं पत्राच असतो. आरशासारखा रंग मनलं की मला पहिली शंका येते. भावाला सांग एक लोहचुंबक घे, फडक्यात गुंडाळ म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि चाकाच्या कमानी, दाराच्या खालची कड, मागच्या चाकाच्या मागचा खालचा कोपरा अन् फाळक्याचा बुड इथं फिरवून बघ. जिथं चुंबक धरत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असती. बोटानं वाजवून पण कळतं, पत्रा टणटण वाजतो आणि लांबी बद्द वाजती.

आपल्याकडं हवा कोरडी म्हणून गाडी सडत नाही असं लोक म्हणतात, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कमानीत अडकला की तो ओलावा धरून बसतो आणि आतून पत्रा खातो, बाहेरून रंग चांगला. तिकडं तर थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. ट्रॉलीत युरियाची पोती फुटून भिजली की तळाचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, तोच प्रकार समजा. टेक्सासहून आणली ते ठीक, पण ओहायोत किती हिवाळे काढले ते विचार.

परभणी_टू_डॅलस

बाळूदादा, माझ्याकडं १९७१ ची होती, चार वर्षं सांभाळली अन् विकली, म्हणून अनुभवाचं सांगतो. इंजिनाच्या रोगाला औषध आहे, स्मॉल ब्लॉक शेवरलेचे पार्ट तिकडं सगळीकडं मिळतात. गंजानं मात्र पार वैताग आणला.

या गाडीचा खालचा सांगाडा स्टेशन वॅगनचा आहे. वॅगनमध्ये मागं बसणाऱ्यांच्या पायासाठी जो खड्डा असतो तो इथं हौद्याच्या पत्र्याखाली तसाच राहिलाय, सीटच्या मागं, हौद्याच्या पुढच्या टोकाला. हौद्यात तिथं एक झाकण असतं, बोल्ट खोलून निघतं. तिकडं लोक त्याला स्मगलरचा डबा म्हणतात. मागच्या काचेच्या खालून, झाकणाच्या फटीतून पाणी आत शिरतं, कचरा बसतो, अन् तळाला चाळणी. विकणारा झाकण खोलू देत नसंल तर तिथूनच परत फिरा. माझ्या गाडीत झाकण खोललं तर आत सुकलेली पानं आणि मागच्या मालकाचा एक पान्हा, अन् पान्ह्याखालून जमीन दिसायची!

दुसरी जागा मागची काच. खालच्या दोन कोपऱ्यात चकचकीत पट्टीखाली पाणी साचतं, वर फक्त रंगाचा फुगा दिसतो. बोटानं दाबलं अन् करकरलं की समजायचं खाली पत्रा नाही. पुढच्या काचेला पण तेच. तिथला पत्रा दुरुस्त करायचा म्हणजे काच काढावी लागते, एक कोपरा म्हणता म्हणता महिना जातो. मडगार्ड, फ्लोअर, क्वार्टर पॅनल नवीन मिळतात, ते बघून "मग काय, बदलू की" असं वाटतं, पण वेल्डिंगची मजुरी तिकडं तासावर असते हे लक्षात घ्या.

आता एसएसचं. १९७२ मध्ये एसएस पॅकेज कुठल्याही व्ही एटवर मिळायचं, म्हणून चॅसी नंबरवरून ते सिद्ध होत नाही, अपवाद एकच, नंबरातलं पाचवं अक्षर डब्ल्यू असंल तर ४५४ घनइंचाचं इंजिन म्हणजे एसएसच. एफ असंल तर ३०७, साधं इंजिन. काळे पट्टे अन् बिल्ले बाजारात मिळतात, त्याला जास्त पैसे कशाला द्यायचे? कंपनीचा मूळ कागद दाखवला तर गोष्ट वेगळी.

आणि आबांना सांगा, ७२ ला या गाडीत डिझेल नव्हतंच. पुढं ८० च्या दशकात ५.७ लिटरचं ओल्ड्समोबीलचं डिझेल एल कॅमिनोत दिलं होतं, त्याचे हेड बोल्ट ताणायचे, हेड गॅस्केट जायचं, अन् डिझेलमधलं पाणी वेगळं काढायची सोय पण नव्हती. त्या इंजिनानं अमेरिकेत लोकांचं डिझेलवरूनच मन उडालं.

सोयाबीन_आणि_मी

सगळं ठीक हाय पण ह्याच्यात पोती किती बसतात ते कोणी सांगंना 😄

परभणी_टू_डॅलस

@सोयाबीन_आणि_मी ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नसतात हो याला, मागं पण कारसारखे कॉईल स्प्रिंग. जास्त भरली की बूड टेकवून बसते, म्हणून बऱ्याच गाड्यांना मागं हवेचे शॉकअप असतात. त्याच्या नळ्या फुटलेल्या असतात, ते पण बघा.

चिकलठाणा_रिटायर्ड

बाळू बेटा, एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमधून निवृत्त झालोय, बसचं ज्ञान आहे, पेट्रोल व्ही एटचं ऐकीव. तरी सांगतो. ऑइल गळतंय मनून लगेच मागचं क्रँक सील गेलं असं धरू नये. त्या सीलसाठी खालचं चेंबर उतरवावं लागतं, म्हणून मिस्त्री आधी तेच सांगतो. पण या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेचं सील किंवा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून तिथंच गोळा होतं. पुसून घ्या, एक चक्कर मारा, अन् ओघळ वरून सुरू झालाय की खालून ते टॉर्च लावून बघा.

निळा धूर फक्त स्टार्टला येऊन थांबत असंल तर व्हॉल्व्ह सील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चढावर पण येत असंल तर रिंगा. टिकटिक दोन प्रकारची असती. थंडीत जास्त अन् गरम झाल्यावर कमी होत असंल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची फट. गरम झाल्यावरही तशीच राहिली तर टॅपेट किंवा कॅमशाफ्टचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) घासलेला. जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला जस्तवालं ऑइल लागतं, आत्ताच्या ऑइलमध्ये ते कमी असतं, मालक कुठलं टाकत होता विचारा. टायमिंग चेनच्या गिअरवर नायलॉनचे दात असायचे, ते जुने होऊन तुकडे चेंबरमध्ये पडतात अन् ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. चेन बदलली का, हाही प्रश्न करावा.

गरम झाल्यावर चालू न होणं हे कार्बोरेटरचं. इनटेकमधून गरम वायू जायला वाट ठेवलेली असते, थंडीसाठी, त्यानं बंद गाडीत पेट्रोल उकळतं, अन् आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला लवकर उकळी येते. कार्बोरेटरखाली जाड पॅकिंग घालून बराच फरक पडतो. इथेनॉलनं जुने रबरी पाइप पण कुजतात. पेट्रोलचा पाइप इंजिनावर फुटला तर आग लागायला वेळ लागत नाही, तो पहिल्याच दिवशी बदला.

स्टेअरिंग चार बोटं म्हणजे बॉक्स, आयडलर आर्म अन् बुश, तिन्ही तपासा. आणि चॅसी विसरू नका. मागच्या चाकाच्या वर जिथं चॅसीला वाक असतो तिथं चिखल बसतो. हातोडीनं हलकं ठोकून बघावं, पापुद्रे पडले तर ती गाडी घेऊ नका, बाकी कितीही छान असली तरी.

उदगीरचा_बाळू

सगळ्यांचे लई आभार, काका तुमचे विशेष. भाऊ काल परत जाऊन आला. पाचवं अक्षर एफ निघालं, म्हणजे ३०७, एसएसचे कागद नाहीत. चॅसी ठोकून बघितली, टणक हाय. ऑइलचा ओघळ टॅपेट कव्हरवरून खाली आलेला. चुंबक मागच्या डाव्या कमानीवर धरतच नव्हता, उजव्या बाजूला धरला. झाकण खोलायला मालक आधी तयार नव्हता, मग म्हणाला बोल्ट जाम हायेत, तोडले तर पैसे तुम्ही द्या. भावानं सीटमागचा कार्पेट उचलला तर खालचा फेल्ट ओला. पंधरा दिवस पाऊस नव्हता तिथं.

जालन्याचा_पत्रामिस्त्री

पाऊस नव्हता तर गाडी धुतली आसंल तुम्ही येणार मनून. म्हणजे पाणी अजून आत जायलंय.

परभणी_टू_डॅलस

बोल्टचे पैसे द्या हो, चार बोल्ट किती असतात. झाकण खोलून फोटो टाका इथं, मग भाव बोलू.

उदगीरचा_बाळू

सांगतो त्याला. शनिवारी पेनिट्रेटिंग ऑइल घेऊन जातोय. आबा म्हणायलेत आपल्या जीपचा फोटो बी पाठव त्या गोऱ्याला, बघ म्हणावं पत्रा.