शब्दचर्चा : ‘पद्धतशीर आढावा’ आणि त्यातला ‘पुरावा नाही’

प्रश्न : आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’साठी (म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या नियमांनी गोळा करून एकत्र तपासणे) समीक्षा, पुनर्विलोकन की आढावा, यांपैकी काय लिहावे? त्यांच्या निष्कर्षांत वारंवार येणारे ‘पुरावा नाही’ हे शब्दही मला अडचणीचे वाटतात. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : ‘समीक्षा’ मराठीत साहित्याशी इतकी जोडली गेली आहे की तिच्यात समीक्षकाची अभिरुची गृहीतच धरली जाते, आणि ‘पुनर्विलोकन’ म्हटले की न्यायालयातला अर्ज आठवतो. ‘आढावा’ मला योग्य वाटतो, कारण सगळ्या नोंदी समोर घेऊन शिल्लक काय उरली ते सांगण्याचा, हिशेबातला भाव त्यात आहे. ‘पद्धतशीरपणे डावलले’ अशा वापरामुळे ‘पद्धतशीर’ला थोडी वाईट छटा आली आहे, तरी तो शब्द ठेवावा, कारण कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते वगळायचे याचे नियम आधी जाहीर करून मगच शोध घेणे, हेच या कामाचे वेगळेपण आहे.

‘पुरावा नाही’ची अडचण मात्र खरी आहे. पॅरासिटामॉल आणि कंबरदुखी यांवरचा कॉक्रन या, वैद्यकीय संशोधनाचे असे आढावे काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१६चा आढावा पाहा. नव्याने उद्भवलेल्या दुखण्यात दिवसाला ४ ग्रॅम पॅरासिटामॉल घेऊनही औषधविरहित गोळीपेक्षा अधिक आराम पडत नाही, असे तो भक्कम पुराव्यानिशी सांगतो; जुनाट कंबरदुखीबाबत मात्र पुरावा इतका तोकडा आहे की काहीच ठरवता येत नाही. दोन्हींना ‘उपयोगाचा पुरावा नाही’ म्हटले, तर पहिल्यातला निर्णय आणि दुसऱ्यातले अज्ञान एकच होऊन बसते. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘उपयोग होत नाही, असा पुरावा आहे’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उपयोग होतो की नाही, हे ठरवण्यापुरता पुरावा नाही’ असे लांबलचक लिहावे. पुराव्याअभावी सुटलेला आरोपी निर्दोषच असतो असे नाही, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या मराठी माणसाला चांगले ठाऊक असते, त्यामुळे हा भेद त्याला जड जाणार नाही.

आणखी एक उत्तर : वरील मताशी सहमत आहे. माझा आक्षेप ‘करू शकते’ या क्रियापदावर आहे. मूळ मजकुरात शक्यता सांगितलेली असते, पण मराठीत ‘शकणे’ सामर्थ्यही दाखवते. ‘क जीवनसत्त्व सर्दी कमी करू शकते’ हे वाक्य त्यामुळे जाहिरातीसारखे वाचले जाते. याच विषयावरच्या कॉक्रनच्या २०१३च्या आढाव्यानुसार रोज नियमाने क जीवनसत्त्व घेणाऱ्या प्रौढांमध्ये सर्दीचा कालावधी सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी घटला, सर्वसामान्य लोकांत सर्दी होण्याचे प्रमाण घटले नाही, आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेतल्याने सातत्याने फायदा दिसला नाही. ‘कमी करू शकते’ म्हणताना आपण यांतले नेमके काय सांगत आहोत? सर्दी झाल्यावर औषधाच्या दुकानात जाणारा माणूस त्या वाक्यातून नेमका तिसरा, चुकीचा अर्थ घेईल. पुरावा कमकुवत असेल तेथे मी ‘कदाचित कमी होत असेल’ असे लिहितो, आणि काय कमी होते तेही त्याच वाक्यात सांगतो.