मदत हवी आहे: 'डॉग सोल्जर्स' पाहिलेल्यांचे मत

नील मार्शल यांचा 'डॉग सोल्जर्स' (२००२) हा मर्यादित खर्चात बनलेला वेअरवुल्फपट (म्हणजे माणसाचा लांडगा होतो अशा कथेचा भयपट) नुकताच पाहिला, पण माझे मत काही केल्या ठरत नाही. कथा स्कॉटलंडमधली असली तरी चित्रीकरण बरेचसे लक्झेंबर्गमध्ये झाले. ते मात्र कुठेही खटकले नाही. लांडगे संगणकावर न रचता माणसांना पोशाख चढवून उभे केल्यामुळे खिडकीतून आत घुसणारा केसाळ पंजा खराखुरा वाटतो. पण तोच प्राणी अख्खा समोर आला की (निदान मला तरी) आतला माणूस जाणवतो. रूपांतराचा क्षण तर बव्हंशी झाकूनच ठेवला आहे. ही दिग्दर्शकाची हुशारी मानावी की पैशाची चणचण? ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.