वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडकीची दोरी तुटली

प्रश्न: ब्रिस्टलमधील आमच्या व्हिक्टोरियन घरातील अशा एका खिडकीची दोरी तुटली असून खालचे तावदान धाडकन आदळते. पूर्ण खिडकीच बदलावी का?

प्रतिसाद १: मुळीच नको. आतली पट्टी अलगद काढली, की बाजूच्या पोकळ चौकटीत दोरीने कप्पीवरून सोडलेले, तावदानाचा भार तोलून धरणारे ओतीव लोखंडाचे वजन हाती लागते. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या एकदमच बदला, कारण दुसरीही तितकीच जुनी असणार. मात्र जाड काच बसवलेली असल्यास वजनही त्या प्रमाणात वाढवावे लागते, अन्यथा तावदान वर टिकत नाही.

प्रतिसाद २: दोरीला रंग लावू नये, ती ताठ होऊन लवकर तुटते. (आमच्या आधीच्या मालकांनी तर कप्प्यासुद्धा रंगवल्या होत्या!) जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा न घासता पाणी लावूनच घासावा. खाचेत मेणबत्ती फिरवली, की तावदान हलके सरकते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खालच्या फळीच्या एका कोपऱ्यात मात्र स्क्रूड्रायव्हर सहज अर्धा इंच शिरतो.

प्रतिसाद १: मग तेवढाच कुजका भाग कापून तेथे नवे लाकूड सांधून घ्या, आणि पाणी कुठून मुरते ते रंगवण्यापूर्वी शोधा.