नॉर्थ मेलबर्नने तो शेवटचा सामना जिंकला, हेच योग्य झाले

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या २०२३ च्या हंगामातील शेवटचा सामना नॉर्थ मेलबर्न या संघाने हरायला हवा होता, म्हणजे तळाच्या संघाला मिळणारी नवोदित खेळाडू निवडण्याची पहिली संधी त्यांच्या पदरी पडली असती, हे मत मला मुळीच पटत नाही. पहिले दोन सामने अनुक्रमे पाच आणि एका गुणाने जिंकल्यावर हा संघ सलग वीस सामने हरला. मधल्या काळात प्रशिक्षक अ‍ॅलिस्टर क्लार्कसन काही आठवडे रजेवर गेल्याने ब्रेट रॅटन यांना हंगामी सूत्रे हाती घ्यावी लागली. अशा स्थितीत होबार्टला गोल्ड कोस्ट संघाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात निक लार्कीने एकट्याने नऊ गोल केले. मधल्या दोन खांबांतून लाथेने धाडलेला प्रत्येक चेंडू सहा गुणांचा, म्हणजे एकट्याचे चोपन्न गुण! त्या विजयामुळे वेस्ट कोस्ट हा संघ तळाशी राहिला आणि नवोदितांमध्ये पहिला निवडला गेलेला हार्ली रीड तिकडे गेला, हे खरे. पण पाच महिने पराभव सोसूनही मैदानावर येत राहिलेल्या प्रेक्षकांसमोर जाणूनबुजून हरा, असे त्या खेळाडूंना कोणत्या तोंडाने सांगायचे?