१८० चं बिल, हाती १०० : ॲपने आपल्या इंदुरात कुणाचं भलं केलं?

रामबागकर
वडिलांनी काढलेलं आमचं पोहे-खिचडीचं दुकान. काल खाणं घरपोच देणाऱ्या ॲपवरून आलेल्या एका ऑर्डरचा हिशेब मांडला. बिल १८०. कमिशन ४५, त्यावर जीएसटी ८, सवलतीतला आमचा वाटा १८, डबा आणि जिरावण मसाल्याची पुडी ९. उरले १००, त्यातूनच गॅस, तेल, पगार. ॲपच्या यादीत वर दिसायचं तर जाहिरातीचे पैसे वेगळे. आपल्याच गल्लीतल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला आम्ही भाडं का भरायचं?

सुदामानगरची मावशी
मला नाही पटलं. मी घरून पुरणपोळ्या विकते. ना गाळा, ना पगडीला पैसा. विजयनगरच्या माणसाला माझी पोळी ॲपमुळेच कळली. तुम्हाला गाळा वडिलांकडून मिळाला, ही विषमता ॲपच्या आधीची आहे.

रात्रीचा रायडर
कमिशनचं तुम्ही बघा, माझं ऐका. सराफ्यात रात्री खाण्याचा बाजार भरतो, गर्दीत गाडी आत नेता येत नाही. राजवाड्यापाशी लावून चालत जातो, गराडूवाल्यापुढे (गराडू म्हणजे तळलेला कंद) रांगेत उभा राहतो, आणि ॲपमधलं घड्याळ चालूच. मागच्या पावसाळ्यात पलासियाला घसरलो, ऑर्डर सांडली. गुडघ्याचं कुणी विचारलं नाही, आयडी मात्र तीन दिवस बंद. पेट्रोल माझं, गाडीचा हप्ता माझा, आणि म्हणे मी ‘पार्टनर’.

नंदलालपुरा
पण जबरदस्ती कुणाची आहे? माझा भाऊ कपड्यांच्या दुकानात बारा तास उभा असायचा. आता सकाळी क्लास, संध्याकाळी डिलिव्हरी. नियम फार आवळले तर कंपन्या माणसं कमी करतील.

रात्रीचा रायडर
भाऊ, दर आठवड्याला इन्सेंटिव्हची अट बदलते. क्लास बुडवल्याशिवाय ती पुरी होते का, विचारा त्याला.

जेलरोडवाला
नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात असे गिग कामगार, म्हणजे पक्की नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे, ७७ लाख धरले होते, २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला. एवढ्या लोकांना ‘मर्जीने आलात’ म्हणून सोडून देता येत नाही. त्यांनाही धरणारा केंद्राचा कायदा, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० सालचा, लागू झाला २१ नोव्हेंबर २०२५ ला. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांसाठीच्या निधीत भरायचे आहेत. किमान वेतनाची हमी मात्र त्यात नाही. राजस्थानने २०२३ मध्येच स्वतंत्र कायदा केला.

सुदामानगरची मावशी
कायदा हवाच. पण रामबागकर, तुमच्या दुकानातल्या पोऱ्याला पीएफ आहे?

रामबागकर
नाही. तीनच माणसं आहेत, पण ते कारण मी पुढे करणार नाही. पडला तर दवाखान्यात मीच नेतो. रायडरला कोण नेतं?

रात्रीचा रायडर
दुसरा रायडर.