हिमोग्लोबिन ठीक असलं तरी
हिमोग्लोबिन व्यवस्थित आलं म्हणजे लोहाची कमतरता नाही, असं म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. लोह कमी पडू लागलं की शरीर आधी साठ्यातून भागवतं. फेरिटिन (लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारं रक्तातलं प्रथिन) घसरत जातं आणि साठा जवळपास संपल्यावरच हिमोग्लोबिन खाली यायला लागतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल दिसत असतानाच थकवा सुरू झालेला असू शकतो. म्हणून फेरिटिनही तपासून घ्या. (अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर ते फसवं वाढलेलं दिसतं, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.)

मला जास्त काळजी वाटते ती बी१२ जीवनसत्त्वाची. त्याचा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता फार उशिरा कळते. रक्तपेशी बनायला ते लागतंच, पण मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकवायलाही लागतं. बी१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा हे सगळं वयामुळे म्हणून सोडून देऊ नका, प्लीज. मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं औषध) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर नक्की तपासावं.

ड जीवनसत्त्वाबद्दल एवढंच, की ते चरबीत साठतं, जादा झालं तर सहज बाहेर पडत नाही. मोठ्या डोसच्या गोळ्या मनाने चालू ठेवल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो.